अडतीस नावं

विद्यापीठाचं पत्र आलं: यंदा छापील पुस्तकं नाहीत,
फाइल पाठवा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

अडतीस नावं. मोबाईल बावीस,
त्यातले नऊ नवऱ्यांचे.
शिपाई गेडाम म्हणाला, एस.टी.नं धाडू.
मागचा अर्थशास्त्राचा गठ्ठा
अजून नागभीडलाच पडून असेल.

वच्छला मसरामचा फोन:
"सर, रेंज भेटते बोडीच्या पारीवर.
तिथं मी धुणं धुतो. वाचू कवा?"

मग सिंदेवाहीत झेरॉक्स काढली.
चार प्रती, पाठीला सुतळी,
पहिल्या पानावर गावांची नावं:
वाचून झालं की पुढच्या गावाला.

मार्चात एकच परत आली.
समासात पाच हातांची अक्षरं,
प्रकरण तीनवर हळदीचं बोट,
मागच्या कोऱ्या पानावर कोणाचातरी दुधाचा हिशोब,
बेरीज चुकलेली,
खाली दुसऱ्या शाईनं सुधारलेली.