खापर

खानापूरच्या भट्टीवर मी कौलं रचतो.
कौल बोटानं वाजवून सांगतो
कुठलं टिकेल, कुठलं चिरेल.
एवढंच मला कळतं.

त्या आठवड्यात आळीतल्या अकरा दारांवर
आरोग्यखात्यानं चुन्याच्या फुल्या मारल्या.
आमच्या दारावर आधीच एक क्रूस होता,
बापानं फणसाच्या फळीतून काढलेला.
त्याच्या शेजारी ही दुसरी, तिरकी, ओली.

शांतवन पाच वर्षांचा.
विहिरीचं पाणी प्यायला, एवढंच त्याचं कर्म.
सकाळी म्हणाला, बाबा, पोटात बेडूक आहे.
दुपारी डोळे आत गेले.
रिबकाला आदल्याच रात्री बेळगावला हलवली होती,
सलाईन लावून.
आमची गाडी रेल्वेच्या फाटकापाशी अडली.
मालगाडी जात होती.
मी डबे मोजले. त्रेचाळीस.
फाटक उघडलं तेव्हा घाई उरली नव्हती.

मग माणसं आली, तोंडाला रुमाल बांधून, अंगणातूनच.
एक म्हणाले, देवाला कळ्या आवडतात.
दुसरे म्हणाले, परीक्षा आहे.
तिसरे हळूच,
काही चुकलं असेल तुमचं, आठवून बघा.
मी रात्रभर आठवलं.
एका कंत्राटदाराची कौलं मोजताना
दोन जास्त धरली होती.
दोन कौलांना एक पोरगं?

शास्त्र उघडलं ते भांडायलाच.
तिनं खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट, कन्नडमधलं,
त्या पानावर तो बसला होता,
राखेत, खापरीनं अंग खाजवत.
पोरं गेलेली, सगळी, एका दिवसात.
आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.
हे देव स्वतःच सांगतो, अगदी सुरुवातीला.
मी तीनदा वाचलं ते.

खापर मी ओळखलं.
असली ढीगभर फेकतो भट्टीमागं.

त्याचे तिघे दोस्त आले.
सात दिवस, सात रात्री भुईवर बसले,
कोणी शब्द काढला नाही.
इथं मी बोट ठेवून थांबलो.
पुढं ते बोलायला लागतात,
पुढं सगळं बिघडतं.

बाहेर फुलीखाली भरमाप्पा बसला होता.
भट्टीवरचा माझा जोडीदार.
साथीच्या घरी कोण बसतं?
रोज पाणी उकळून आणायचा,
कळशी उंबऱ्यावर ठेवायचा, बसायचा.
त्याला मराठी येतं, मला कन्नड येतं.
दोन्हीत तो काही बोलला नाही.
चौथा दिवस होता त्याचा.

सहाव्या दिवशी रिबका आली.
दारातल्या दोन चपला तिनं बघितल्या,
तिसरी जोडी शोधली नाही.
मी तिच्याजवळ भुईवर बसलो.
किती वेळ, माहीत नाही.
भट्टी लागल्याचा वास आला, मग गेला.

वाच की, ती म्हणाली.
मी सातव्या रात्रीपर्यंत वाचलं.
पुढं?
पुढं तो देवाशी भांडतो.
मग?
मग देव येतो. वादळातनं.
काय सांगतो?
तारे. समुद्र. रानगाढवं.
पोरांचं?
पोरांचं काही सांगत नाही.
पण येतो?
येतो.

येतो की, ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.
मग कळशी जवळ ओढली,
तांब्या बुडवला,
वास घेतला पाण्याचा,
आणि प्यायली.