गाडीभाडं

थंडी होती, हे आधी सांगतो.
मॅसॅच्युसेट्सच्या त्या किनाऱ्यावर समुद्रसुद्धा काठाशी गोठला होता
आणि शिपाई जॉब पेनिमन दारात उभा:
गाडी हवी. दोन बैल. तीन गावं.
कोर्ट दोन शिलिंग देतंय.
काय वाहायचंय ते मी विचारलं नाही.

वाहायचं काहीच नव्हतं.
गाडी रिकामी जाणार होती,
मागच्या फळीला बांधलेली ती
चालत येणार होती.

मेहिटेबल क्रोव्ह. लोणी विकायची.
तिचं लोणी मी खाल्लेलं.
गुन्हा काय, तर रविवारी चर्च सोडून
कुणाच्या तरी कोठारात चारदोन माणसांत
गप्प बसली. पाद्री नाही, स्तोत्र नाही, नुसती गप्प.
तिथले पुरुष कुणापुढेच टोपी काढत नाहीत म्हणे.
आणि ही कोर्टात उभी राहून
न्यायाधीशाला म्हणाली, तू.

एक अक्षर. केवढा तापला तो!
देवाला आम्ही सगळेच रोज तू म्हणतो,
त्याने कधी चाबूक मागवला नाही.

क्वेकर म्हणजे थरथरणारे,
असं गाव चेष्टेने म्हणायचं.
पहिल्या गावात दहा. कमरेपर्यंत उघडी.
ती थरथरली, पण बर्फच पडत होतं.
पेनिमन मोठ्याने मोजत होता.
मी बैलांकडे बघत होतो;
दर आकड्याला ब्राइटचा डावा कान हलायचा.

पुढे ओढ्यात बर्फ फुटलं, चाक रुतलं.
मी हाकारलं, शिव्या दिल्या.
पेनिमनने तोच चाबूक बैलांवर उगारला
तेव्हा मागून आवाज आला,
"थांब. नाव काय रे याचं?"
"ब्राइट," मी म्हणालो. "तो पलीकडचा बक."
"चल ब्राइट," ती म्हणाली,
आणि बांधल्या हातांनी वाकून
गाडीला खांदा लावला.

तोच खांदा.

गाडी निघाली.
दुसऱ्या गावात पेनिमन सहावर अडखळला,
परत चार म्हणाला, मग एकदम आठ.
एक पोरगं हसलं. आईने त्याचं तोंड दाबलं.

तिसऱ्या गावात शिपाई नवा होता, झोप झालेला.
मोजणी बरोबर झाली.

शिवेवर दोर सोडला, तिला बर्फात सोडली.
बैलांची घोंगडी गाडीत होती.
मी दिली, का तिने घेतली,
का वाटेत पडली, आठवत नाही.
घरी आलो तेव्हा नव्हती.

दोन शिलिंगांचं मीठ आणलं. संपलं.
फळीवर दोराचा घट्टा आहे अजून,
रंधा मारला तरी जात नाही.

परवा रस्त्यात न्यायाधीश भेटला.
टोपी काढायला हात वर गेला,
कानाशीच थांबला.
तो बघत राहिला. मीही.
"थंडी आहे," मी म्हणालो.