तेरा दशांश चौऱ्याण्णव

वारा लिएपायातच जन्मतो, असं इथले लोक सांगतात.
आम्ही रीगाहून आलो होतो, मोजायला:
एकवीस म्हणजे औषधं,
सव्वीस म्हणजे संगणक, सेन्सर, भिंगं,
तीस दशांश तीन म्हणजे जे उडतं ते.
एवढंच उच्च तंत्रज्ञान. बाकी सगळं कुंपणाबाहेर.

सव्वीसमधली पहिली कंपनी
फुलांच्या दुकानावरच्या खोलीत निघाली.
खोके, खोक्यांत मोबाइलची कव्हरं,
आणि एक तरुण, अवघडलेला.
"फॉर्म भरताना वाटलं, बँकेला बरं दिसेल."
झिन्त्रानं काही न बोलता
त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

दुसरीचं दार बंद. तिसरीच्या पत्त्यावर दारच नाही.

मग बोटं गारठली म्हणून
शिरलो दोरखंडांच्या कारखान्यात.
यादीत नव्हता तो.
तेरा दशांश चौऱ्याण्णव: दोर, सुतळी, जाळी.
डांबराचा वास, आणि इतकी लांब शेड
की पलीकडच्या टोकाचा माणूस सुतळीएवढा.
विस्वाल्दिसनं आम्हाला शेगडीशी बसवलं,
मग उठून एक दोर ताणला.
पडद्यावर हिरवी रेघ थरथरली.
पिळात केसाएवढी काच होती;
तिच्यातून उजेड धावत होता
आणि कुठला पेड थकलाय
ते तुटायच्या आधी सांगत होता.

"नोंदणी बदलून का नाही घेत?" मी विचारलं.
"कशाला? वडील दोर वळायचे. मीही दोरच वळतो.
माझा जरा बोलतो, इतकंच."

रात्री हॉटेलात आम्ही भांडलो.
मी म्हटलं, घेऊ आत, एक ओळ तर आहे.
झिन्त्रा म्हणाली, एकाला डोळ्यांनी बघून आत घेतलंस
तर उरलेल्या अकरा हजारांच्या दारात जावं लागेल,
प्रत्येकाच्या शेगडीशी बसावं लागेल.
तेवढे हिवाळे आहेत तुझ्याकडे?

नव्हते.
तक्त्यात कव्हरवाला राहिला.
विस्वाल्दिसच्या वाट्याला तळटीप सात:
'वर्गीकरणाला काही मर्यादा आहेत.'

निघताना त्यानं कापून दिलेला वीतभर तुकडा
कोटाच्या खिशात होता.
टेबलावरच्या दिव्याशी धरला
की दुसऱ्या टोकातून
टाचणीच्या अग्राएवढा उजेड बाहेर यायचा.
परवा झिन्त्रानं तो बघायला मागून घेतला.
अजून परत केलेला नाही.