लेणं क्रमांक नव्वद

"भारतीय पंचवीस, फॉरेनर तीनशे," खिडकीतला माणूस म्हणाला,
मान वर न करता.
गोलनारने घडीच्या नोटा मोजून दिल्या
आणि दहाएक पायऱ्या चढल्यावर म्हणाली,
"म्हणजे मी तुझ्या बारापट परकी."

मी बोरिवलीची.
हा डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो,
रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखा,
आणि मी इथे आले ते एकदाच, चौथीच्या सहलीला.
आठवतं एवढंच
की वैदेही दुगलचा डबा माकडाने नेला
आणि बाईंनी उरलेल्यांना पुरी-भाजी वाटून घ्यायला लावली.

ती याज्दची. कलिन्याला माझ्या शेजारच्या खोलीत,
फार्मसीचं दुसरं वर्ष.
वहीत यादी: चैत्य, पाण्याची टाकी, धरण,
आणि नव्वद या आकड्याखाली पेन्सिलीच्या तीन रेघा.
ते काय, विचारलं तर हसली.
मथीबाईकडून काकडी घेतली, तिखट नको म्हणाली,
मग माझ्या काकडीवरचं तिखट
बोटाने चाटून पाहिलं.

टाक्यांपाशी ती फार वेळ रेंगाळली.
कातळात खोदलेल्या पन्हळी, थेंबाला दिलेली वाट.
तिच्या गावी पाणी जमिनीखालून चालत येतं,
मैलोन् मैल, अंधारातून,
आजोबा त्याचा आवाज ऐकून सांगत पाणी किती दूर आहे ते.
मी फलक वाचत होते:
कल्याणच्या कुणा व्यापाऱ्याने दिलेलं दान,
ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत,
आणि त्या प्राकृतात दोन शब्द, 'लेण' आणि 'पोढी'.
लेण.
आई लग्नाला निघताना विचारते, अंगावर काही लेणं नाही का गं?
मला काय माहीत
की मी तोच शब्द कानात घालून फिरतेय.

मधे एका खांबाशी गलका.
गार्ड वरठा एका पोराचा दंड पकडून उभा,
पोराच्या हातात स्कूटरची किल्ली,
खांबावर ताजं पांढरं: देवांग अधिक.
अधिकच्या पुढचं नाव यायचं होतं अजून.
"दोन हजार वर्षं टिकलंय हे, आणि तू!" वरठा ओरडला,
मग शांतपणे पावतीपुस्तक काढलं,
कार्बन नीट सरळ केला.

नव्वदात कुणीच नव्हतं.
वटवाघळांचा वास, आणि भिंतीवर
मुंग्या वरून खाली उतराव्यात तशा उभ्या ओळी.
गोलनारने पाण्याची बाटली खाली ठेवली.
"पहलवी. इराणी लोक आले होते इथे, हजार वर्षांपूर्वी."
काय लिहिलंय?
"सालमहिना. मग नावं. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा.
आम्ही ही जागा पाहिली."
आणि?
"बस. एवढंच."
लिपी तिलाही धड येत नव्हती,
एका अक्षराचे तीन-तीन आवाज, म्हणाली, डोकं फिरतं.
भिंतीपासून वीतभर दूर हवेत बोट फिरवत
तिने एकच तुकडा सोडवला:
"माह. चंद्र. महिना पण. कुणाच्या तरी नावाचा अर्धा भाग."
उरलेला अर्धा बराच वेळ शोधला. नाही सापडला.
मी मोबाइलचा उजेड धरून उभी, हात भरून आला तरी.

उतरताना तो पोरगा पायरीवर बसलेला,
गुडघ्यावर पावती.
मी वाकून पाहिली. छापलेलं होतं
माहे, आणि पुढे वरठाच्या अक्षरात, डिसेंबर.
गोलनारला दाखवावं म्हणून वळले
तर ती वर पाहत होती, आलो त्या दिशेला.
"ताई, वर काय आहे एवढं?" पोराने विचारलं.
"नावं," मी म्हटलं.
"कुणाची?"
"येऊन गेलेल्यांची."
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी त्याची थट्टा करतेय.

पाचची बस गेली होती.
चालत निघालो, सांबराने रस्ता अडवला, थांबलो.
मथीबाई टोपली डोक्यावर घेऊन आमच्या पुढून गेली,
गोलनारला म्हणाली, "तिखट खाल्लंस ना शेवटी?"
मी भाषांतर करणार होते.
तोवर ती "हो" म्हणाली.