सैल टेप

शेवटचा खेळ सुटला तेव्हा सव्वाबारा वाजले होते
आणि सिनेमाचं नाव चौघांपैकी एकाच्याही
नीट लक्षात नव्हतं.
तरी भांडण पार्किंगपासूनच सुरू झालं.

दांडिया बाजाराच्या कोपऱ्यावर गाडीवाला आवरत होता,
हेमांगीने त्याला आधी काका, मग भाई,
शेवटी नुसत्या डोळ्यांनी थांबवलं.
चार प्लेट शेव-उसळ. चारुहासची बिनकांद्याची,
कारण त्याला बोलायचं होतं.

सिनेमा असा: धरणात जाणाऱ्या गावात
एक मोजणीदार येतो. घरं मोजतो.
भिंती, ओसऱ्या, गोठे, चिंचेखालचा पार.
आणि शेवटच्या दिवशी नकाशावरचं एक घर
खोडरबराने पुसून टाकतो.
मग तीन मिनिटं पडद्यावर नुसती रबराची भुकटी.
वारा येतो. दिवे लागतात.

"ही करुणा आहे," हेमांगी म्हणाली,
"निदान कागदावर तरी एक घर बुडालं नाही."
"हा गुन्हा आहे," चारुहास, तोंडात पाव,
"कागदावर नाही म्हणजे भरपाई नाही.
त्या घरातल्या बाईला विचार, करुणा कशाशी खातात."
मी म्हणालो, दिग्दर्शकाला बहुतेक
स्मृतीबद्दल काही सांगायचंय.
माझ्या असल्या वाक्यांवर हे लोक
वीस वर्षं वरून शेव घालत आलेत.

निमेष शहा तेवढा गप्प.
चमच्याने तर्रीचा लाल थर बाजूला सारत होता,
पुन्हा जमत होता तो.
मग म्हणाला,
"टेप सैल धरली होती त्याने."
"काय?"
"टेप. पोट आलं होतं तिला मध्ये.
सैल टेप घर मोठं करते."

आम्ही हसलो.
निमेष महापालिकेत, पूर ओसरला की
घरोघर याद्या करणाऱ्यांत.
मराठी त्याने घोरपड्यांच्या अंगणात
लगोरी खेळता खेळता उचललेलं,
त्याचा ळ आमच्यापेक्षा स्वच्छ.

"आपल्याकडे पाणी जाताना
भिंतीवर स्वतःच रेघ ओढून जातं," तो म्हणाला,
"आपण आकडा लिहायचा, बस.
त्या वर्षी तीन फुटांच्या वर असेल तरच मदत.
एका घरी रेघ दोन फूट दहा इंचांवर.
बाई शिवणयंत्र उलटं करून उन्हात वाळवत होती.
काही मागितलं नाही तिने.
मी टेप जरा सोडली.
तीन फूट एक. लिहिलं."

गाडीवाल्याने शेगडी बंद केली.
निळी ज्योत गेल्याचा एक आवाज असतो,
तो ऐकू आला.

"शेजारच्या घरी तीच रेघ. भिंतच एक.
तिथे ताणून धरली.
दोन फूट दहा. तेही लिहिलं."
"का?" हेमांगीने विचारलं.
"काय माहीत. जेवायची वेळ झाली होती,
असंही असेल."

चारुहासने पाण्याचा ग्लास निमेषकडे सरकवला.
त्याचा ठेवणीतला शब्द त्याच्याजवळच राहिला.
पैसे कुणी दिले आठवत नाही,
म्हणजे मीच दिले असणार.

परतताना काळ्या घोड्याजवळच्या पुलावर
हेमांगीने स्कूटर थांबवली.
खाली विश्वामित्री, दिव्याखाली काळी, न हलणारी.
काठाशी काहीतरी लांबट पडलेलं.
"मगर आहे."
"लाकूड आहे. दर वेळी लाकूडच निघतं."
"लाकडाला डोळे असतात का?"
"तू कुठे पाहिलेस डोळे?"
चार मोबाइलचे चार उजेड
पाण्यापर्यंत पोचायच्या आतच विरून जात होते.

"मगर असेल तर किती असेल?" चारुहासने विचारलं.
निमेषने एक डोळा मिटला,
हवेत दोन बोटं धरली,
"सहा फूट."

"आठ लिही," हेमांगी म्हणाली.

आणि तो हसला, पहिल्यांदाच त्या रात्री,
आणि खाली ते जे काय होतं
ते हळूच पाण्यात गेलं.