छज्जा, सात फूट दोन इंच

"टेपचं टोक धर," गौरीश म्हणाला. मी धरलं.
आल्तिनोच्या उतारावर हे घर असं उभं
की निम्मं अजून हवेतच:
खांब दोन, तेही मागे सरलेले,
आणि पुढे नुसता सपाट छज्जा,
पंगतीत कुणी पत्रावळ पुढे करावी तसा.

फाटकावर फलक: आधुनिक शैलीतील वारसा-वास्तू,
गर्द झाडीत, विकणे आहे.
गर्द झाडी म्हणजे दोन पर्जन्यवृक्ष, एक बिंबल,
आणि शेजारच्या सरकारी बंगल्यातून आत आलेली
आंब्याची फांदी,
जिचा मालक कोण ते कुठल्याच कागदात नाही.

हॉल एकतीस बाय अठरा.
जिना वळणाचा, पायऱ्यांत काळ्या-पिवळ्या दगडाची चुरी.
न्हाणीघराला गोल खिडकी, बोटीला असते तशी.
तिच्यातून मांडवी दिसायची म्हणे;
आता एका हॉटेलची पाठ दिसते, पाइपांसकट.

एर्मेलिंडाबाय उरलेल्या एकाच खुर्चीत,
किल्ल्यांचा जुडगा मांडीवर.
नवरा दातांचा डॉक्टर होता.
"कमानी पुष्कळ झाल्या गोव्यात, म्हणायचा.
सरळ रेघ पाहिजे."
सासू मात्र अडून बसली:
मग सायबिणीला ठेवू कुठे?
म्हणून जाळीच्या भिंतीत एक ठोकळा बसवलाच नाही.
मी मोजले: चौदा गुणिले सहा, वजा एक.
भोकाच्या वरच्या कडेला मेणबत्तीची काजळी,
बोट लावलं तर अजून बोटाला येते.

तडे बघायला शिडी लावून छज्जाखाली गेलो.
डोक्याच्या वीतभर वर
काँक्रीटमध्ये लाकूड होतं.
म्हणजे लाकूड नव्हतं, त्याच्या रेषा होत्या,
फळीला फळी लागून,
आणि डावीकडून तिसरीत एक गाठ.
जुना आंबा. एवढं मी अंधारातही ओळखतो.

बाबा म्हणायचे, सेंट्रिंगचं काम म्हणजे
आधी उलटं घर बांधायचं, मग ते मोडायचं.
इंजिनियरचं नाव पाटीवर लागतं.
पुंडलिक च्यारीच्या फळ्या
दुसऱ्या कामावर जातात, तिथून तिसऱ्या,
तिथून चुलीत.

या घराचं त्यांनी सांगितलेलं एवढंच:
अठ्ठाविसाव्या दिवशी टेकू काढायचे होते.
इंजिनियर फोंड्याला अडकला.
गवंडी रस्त्यापलीकडे जाऊन विड्या ओढत उभे.
बाबांनी एकेक टेकू ठोकून सोडवला,
शेवटच्याला दोरी बांधली
आणि ओढली लांबून, बिंबलाच्या आडून.
"घाबरलो होतो," हेही त्यांनीच सांगितलं.
छज्जाखाली थांबला तो फक्त दातांचा डॉक्टर,
छत्री उघडून.

"तडा?" खालून गौरीश.
नाही, म्हटलं.
"बरं झालं. दिल्लीचं गिऱ्हाईक आहे,
त्याला ते खालून सगळं गुळगुळीत हवंय.
पीओपी, लपवलेले दिवे."
मी काही बोललो नाही. शिडी माझी नव्हती.

तक्त्यात रकाने सहा:
लांबी, रुंदी, जाडी, गंज, ओल, शेरा.
शेऱ्यात मी लिहिलं: आंबा.
गौरीशने वाचलं, फांदीकडे पाहिलं,
"ती तोडून घेऊ," म्हणाला.

निघालो तेव्हा बाय झाडाखाली वाकलेली,
फ्रॉकचा घेर एका हाताने धरून
बिंबलं वेचत होती,
फुटलेली वेगळी, धड वेगळी.
"हीं मेजूं नाका हां," माझ्याकडे न बघता म्हणाली,
"रातीक सुंगटां हाडल्यांत."