एकवीस रुपयांची पावती

खात्याला अठरा पूर्ण लागतात.
मला सतरा आणि साडेचार महिने.
म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात लावलेला काळापांढरा चौकोन
स्कॅन केला की नाव येतं
राजमणी अंबादास इराबत्ती,
आणि बघणारे विचारतात, ही कोण बे?

ही उंबऱ्यात बसलीय ती.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटं आपोआप चालतात, डोळे माझ्याकडं.
हजार झाल्याशिवाय मान वर करत नाही
पण आज केली.
"चादर विकतात. विडी विकतात.
तू काय विकतोस?"

मी बुद्धिबळ खेळतो, अम्मा. खेळताना बोलतो.
घोडा इथं का नेला, उंट का नाही नेला.
त्रेसष्ट लोक बघतात. कधी एकेचाळीस.
"आणि ते पैसे देणार?"
द्यायचे असतील तर.

बटणावर काय लिहायचं, इथं दोन दिवस अडलो.
देणगी म्हटलं की शाळेच्या भिंतीतली फरशी दिसते, नावं कोरलेली.
दान घ्यायला आपण कोण?
वर्गणीला चार पोरं लागतात आणि एक दांडगा आवाज.
मल्लेश म्हणाला, इंग्लिशमधी टाक की, इंग्लिशमधी मागितलं की लाज वाटत नाही.
शेवटी अम्माला दिलं तेच उत्तर लिहिलं:
द्यायचे असतील तर.

मग चाचणी.
अम्माच्या फोनवरून अम्माच्याच खात्यात
एक रुपया जाता जाईना.
मल्लेशनं पाठवला, पडदा चमकला, घंटी वाजली,
यंत्रातली बाई म्हणाली, मल्लेस ने एक रुपया भेजा.
मल्लेशनं तो रुपया लगेच परत मागितला.

खाली पट्टी काढली, लक्ष्य: माईक, चोवीसशे.
कारण आमच्या खोलीखाली सहा माग आहेत
आणि रोज कुणीतरी लिहितं,
दादा, मागं काय ट्रॅक्टर चालू आहे का?
दादा, डोकं उठलं.
मी सांगतो, साखर पेठ आहे ही, इथं झोपसुद्धा या तालावर येते.
पण चांगला माईक म्हणे फक्त तोंडातलंच घेतो,
बाकीचं गाळतो.

आठवडा गेला. पट्टी कोरडी.
नळाचा दिवस सोडून पाणी येईल म्हणून
तोटी उघडून बसल्यासारखं.

गुरुवारी, वजीर अडकलेला, मी गप्प,
घंटी वाजली.
यंत्रातली बाई अडखळत वाचायला लागली:
सत्यनारायण गड्डम, भिवंडी. एकवीस रुपये.
घोड्याचं काही कळत नाही. मागचा आवाज बंद करू नका.
वडील माग चालवायचे. इथं आता गोडाऊन झालंय.

मी पट्टीकडं बघितलं.
चोवीसशेत एकवीस.
आवाज गाळायच्या यंत्रासाठी
आवाजाचे पैसे.

"कोण होता?" अम्मानं विचारलं.
सांगितलं. ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, "पावती दे त्याला."
अम्मा, याला पावती नसते.
"मग त्याला कसं कळणार पोचले म्हणून?"

घसा खाकरला.
मंडपात माईकवर भसाड्या आवाजात म्हणतात ना,
तसंच, अगदी तसंच म्हणालो:
श्रीयुत सत्यनारायण गड्डम, भिवंडी, यांजकडून
रुपये एकवीस सप्रेम प्राप्त,
मंडळ त्यांचं...

लाईट गेली.

सहाही माग एकेक करून, शेवटचा जरा घुटमळून,
थांबले.
फोन चालू होता. बॅटरी एकोणीस टक्के.
अंधारात माझाच श्वास मला ऐकू यायला लागला,
आणि सुपातली पानं.
पडद्यावर कुणीतरी लिहिलं, आवाज गेला काय?
दुसऱ्यानं लिहिलं, आवाज कुठंय?
गड्डमांनी काही लिहिलं नाही, पण माणसं बासष्टच होती,
कुणी गेलं नव्हतं.

मी काय म्हणावं ते सुचेना.
उंबऱ्यातून, विडीला दोरा गुंडाळत गुंडाळत,
अम्मा म्हणाली,
"येतो म्हणावं. साडेदहाला."